घुमानला पाच मुक्काम



नोकरदार माणूस अठ्ठावन्नाव्या नाहीतर साठाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याला हार घालतात, श्रीफळ देतात, दोन भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवसापासून तो मोकळा. शेतकऱ्याला असा दिवस नाही. त्याची निवृत्ती हळूहळू येते. आधी रात्रीचे पाणी धरणे सुटते, मग फवारणीचा पंप पाठीवरून उतरतो. एक दिवस मुलगा मोंढ्यात माल घालून येतो आणि पट्टी वडिलांना न दाखवताच खिशात ठेवतो. त्या दिवशी शेतकरी निवृत्त झालेला असतो. कोणी हार घालत नाही, इतकेच.

कृषी खात्याच्या नोकरीत गावोगाव फिरताना हा काळ मी शेकडो घरांत पाहिला. कोणी मुलाच्या प्रत्येक कामात नाक खुपसतो, कोणी पारावर बसून दिवस ढकलतो, कोणी अबोला धरतो. मग सून म्हणते, "आत्याबाई आणि मामंजींना कुठेतरी देवाला पाठवून द्या, तेवढेच मन रमेल." आणि म्हातारा-म्हातारी यात्रेच्या मोटारीत बसतात.

आज मला या प्रवासाविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे. पण देव कसे पाहावेत हे सांगणारा मी कोण? वाटेत माणसे कशी भेटतात, आणि ती भेटावीत म्हणून आपण काय करावे, एवढेच सांगतो.

नऊ दिवसांत सोळा ठिकाणे

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, हिंगोली जिल्ह्यात घरची शेती पाहतात. म्हणजे पाहत होते. वयाच्या छासष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि कारभार मुलाकडे गेला. पहिल्याच वर्षी त्याने बैलजोडी विकली. दादा दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी त्याने विहिरीजवळच्या दोन एकरांत कापूस न लावता तुती लावायची, रेशीम करायचे, असा विचार मांडला. तेव्हा तर घरात ताट फेकण्यापर्यंत मजल गेली. "माझ्या बापाने त्या वावरात कापूस पिकवला, तिथे तू अळ्या पाळणार?" असा दादांचा सवाल.

मधल्या काळात दादा आणि वहिनी एका यात्रेला जाऊन आले. नऊ दिवसांत सोळा ठिकाणे. परत आल्यावर मी विचारले, "काय काय पाहिले?" दादा म्हणाले, "रांगा पाहिल्या. पहाटे तीनला उठवायचे, रांगेत उभे करायचे, पुन्हा मोटारीत कोंबायचे. जेवायला आपलाच स्वयंपाकी, बोलायला आपल्याच तालुक्यातली माणसे. दोन हजार किलोमीटर गेलो, पण परक्या गावच्या एका माणसाशी 'राम राम' म्हणालो नाही."

दादांचे हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. मलाही निवृत्तीला आता फार वर्षे उरलेली नाहीत. तेव्हा ठरवले की एकदा दादांना आणि वहिनींना घेऊन वेगळ्या तऱ्हेने निघायचे. ठिकाण एकच आणि मुक्काम लांबचा.

ठिकाण वहिनींनी सुचवले. त्या वारकरी घरातल्या. आमच्या जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि नामदेव महाराज पुढे पंजाबात घुमान या गावी राहिले, हे त्यांनी कीर्तनात ऐकले होते. 2015 च्या एप्रिलमध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, तेव्हा ते नाव वर्तमानपत्रांतही आले होते. "नरसी पाहिली, पंढरीची नामदेव पायरी पाहिली. तिसरे ठिकाण तेवढे राहिले," वहिनी म्हणाल्या.

आगगाडीतली पंगत

2023 चा पाडवा झाला आणि आम्ही निघालो. हरभरा घरात आला होता, पण सुखाने नव्हे. आदल्याच आठवड्यात आमच्याकडे अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या होत्या. काढणीला आलेल्या हरभऱ्याचे घाटे भिजून दाणा काळा पडला होता. दादा तोंड पाडूनच गाडीत बसले.

नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्सप्रेस जाते. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 साली नांदेडला देह ठेवला, त्यामुळे पंजाबी भाविकांची या गाडीला कायम ये-जा असते. नांदेडहून परभणी, जालना, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, दिल्ली, अंबाला, लुधियाना असा तिचा मार्ग आहे. दीड दिवसाचा प्रवास आहे.

या गाडीची एक रीत मुद्दाम सांगण्याजोगी. वाटेतल्या काही स्थानकांवर शीख सेवेकरी भांडी घेऊन फलाटावर उभे असतात. गाडी थांबली की खिडकीतून, दारातून सगळ्यांना जेवण वाढतात. जात विचारत नाहीत आणि पैसे घेत नाहीत. जाणकार प्रवासी घरूनच ताट-वाटी घेऊन निघतात. आम्हाला हे ठाऊक नव्हते. वहिनींनी घाईघाईने दशम्यांचा डबा रिकामा करून पुढे धरला. समोरच्या बाकावरच्या एका पंजाबी आजीबाईंनी आपली जादा वाटी दादांना दिली. मग वहिनींनी त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली. आजीबाईंनी ती चाखली, डोळ्यांना पाणी आले, पण पुन्हा हात पुढे केला. दिल्ली येईपर्यंत दोघींना एकमेकींच्या लेकी-सुनांची नावे पाठ झाली होती. एकीला मराठीखेरीज काही येत नव्हते, दुसरीला पंजाबीखेरीज. हे कसे झाले ते मला अजून उमगलेले नाही.

बाबा नामदेवांचे गाव

अमृतसरला रात्री उतरलो. दुसऱ्या दिवशी हरमंदिर साहिबाचे दर्शन घेतले, जालियनवाला बाग पाहिली आणि मेहता चौकमार्गे बसने घुमानला पोचलो. घुमान हे गुरदासपूर जिल्ह्यातले मोठे गाव आहे. वेशीपासून शेती सुरू होते ती नजर पोचेल तिथपर्यंत गहूच गहू. मध्ये ना टेकडी, ना खडक, ना बाभळीचा बांध.

गावात नामदेवांचे मोठे स्थान आहे, त्याला दरबार साहिब म्हणतात. पंजाबात त्यांना 'भगत नामदेव' किंवा 'बाबा नामदेवजी' म्हणतात. शिखांचा पवित्र ग्रंथ 1604 साली पहिल्यांदा सिद्ध झाला. त्यात नामदेवांची 61 पदे आहेत. आपण ज्यांना पंढरीच्या पायरीशी पाहतो, त्यांची वाणी तिथे घरोघर वाचली जाते, तिच्यापुढे माथा टेकला जातो. माघ महिन्याच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमारास, इथे मोठी जत्रा भरते.

नामदेवांनी देह ठेवला तो पंढरपुरी, असे आपण मानतो. घुमानकर मानतात की तो घुमानला. मी हा विषय काढणार तोच दादांनी मला कोपराने ढोसले. नंतर म्हणाले, "अरे, एखाद्या सासुरवाशिणीला माहेर आणि सासर दोन्ही आपले म्हणतात, त्यात भांडायचे काय?"

संध्याकाळी कीर्तनाला बसलो. पदाचा अर्थ आम्हाला नीटसा लागत नव्हता. इतक्यात 'बीठल' हा शब्द कानी पडला. पुन्हा पडला. वहिनी चटकन सरळ बसल्या. घरापासून इतक्या लांब, पगडी बांधलेल्या रागी मंडळींच्या तोंडून आपला विठ्ठल. त्यांनी पदर सावरला, हात जोडले, आणि शेवटपर्यंत डोळे पुसत राहिल्या. शेजारच्या बायांनी त्यांना काही विचारले नाही, फक्त सरकून जागा मोठी करून दिली.

हाताला काम, तोंडाला बोल

परक्या गावी ओळख कशी काढावी, हा प्रश्न मोठा. बोलायला गेले तर भाषा येत नाही. पाहुणा म्हणून बसून राहिले तर लोक नमस्कार करून पुढे जातात. गुरुद्वाऱ्यात याचे उत्तर लंगरात मिळते. लंगर म्हणजे सर्वांसाठी रांधलेली पंगत. तिथे जेवायला जसे कोणीही बसावे, तसे कामालाही कोणीही लागावे. डोके झाकायचे, पादत्राणे बाहेर काढायची, हातपाय धुवायचे आणि जिथे हात कमी दिसेल तिथे बसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी लसूण सोलायला बसल्या. दादा गुडघ्यांमुळे खाली बसू शकत नव्हते. एका तरुणाने त्यांना स्टूल आणून दिले आणि पुढ्यात कांद्यांची पाटी ठेवली. मला भांडी घासायला मिळाली. पोळी वाढताना तिथे 'परशादा' म्हणतात आणि ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची. दादांनी एक हात पुढे केला, तेव्हा वाढणाऱ्या पोराने हसून स्वतःचे दोन्ही हात जोडून ओंजळ करून दाखवली. रागावला नाही, फक्त शिकवले. दादा म्हणाले, "सत्तरीला आलो आणि पोळी घ्यायला शिकलो."

दुपारपर्यंत दादांच्या शेजारी बसून कांदे चिरणाऱ्या एका वृद्ध सरदारजींशी त्यांचे बोलणे सुरू झाले होते. सरदारजींची हिंदी पंजाबी वळणाची आणि दादांची आपल्या मराठवाड्यातली. "तुमची जमीन किती?" "बारा एकर. तुमची?" "नऊ किल्ले." आता किल्ला म्हणजे काय? तर किल्ला म्हणजे एकर. किल्ल्याचे आठ कनाल आणि कनालाचे वीस मरले. दादांनी बोटांवर हिशेब केला. आपल्या एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे एक कनाल बरोबर पाच गुंठ्यांचा. हे जमल्यावर दोघांनाही इतका आनंद झाला, जणू सोयरीकच जुळली. "चला, संध्याकाळी शेत दाखवतो," सरदारजी म्हणाले.

माझी चूक

इथे माझ्याकडून जे झाले ते सांगतो, कारण तुमच्यातल्या शिकलेल्या मंडळींकडूनही ते होण्याजोगे आहे.

सरदारजींच्या शेतावर गेलो. बांधावर खाट टाकली होती, चहा आला. मी कृषी पदवीधर, आयुष्यभर सल्ला देण्याची सवय. चहाचा पेला हातात असतानाच मी सुरू झालो. भाताचे काड जाळू नये, त्याने जमिनीतला सेंद्रिय कर्ब जातो, जिवाणू मरतात, धूर होतो. काडातच गहू पेरणारे यंत्र निघाले आहे, ते तुम्ही का वापरत नाही? भाताने तुमचे भूजल संपत चालले आहे, मग दुसरे पीक का घेत नाही? बोललो त्यातला शब्दन् शब्द खरा होता. सरदारजी ऐकत राहिले. चहा संपला. "जी, ठीक आहे," एवढे म्हणाले आणि उठून म्हशींकडे पाहायला गेले.

मला वाटले, समजले त्यांना. दादा माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू त्यांच्या दारी आलास, की त्यांना तुझ्या कचेरीत बोलावलेस?"

मग दादा उठले आणि काठी टेकत गव्हात शिरले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की शेताचा मोठा तुकडा जमिनीला लोळलेला होता. मी बोलण्याच्या नादात पीक पाहिलेच नव्हते. त्याच आठवड्यात तिथेही वादळी पाऊस झाला होता. गहू चिकात असताना लोळला की दाणा भरत नाही, आणि कापणीचे यंत्रही त्यात नीट चालत नाही. दादांनी एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि दाणे सरदारजींपुढे धरले. म्हणाले, "आमच्याकडे मागल्या आठवड्यात गारा पडल्या. हरभरा काळा झाला."

सरदारजी परत खाटेवर बसले. आणि मग बोलू लागले.

आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. चांगल्या वर्षी तिथे किल्ल्याला वीस क्विंटल गहू होतो. आपल्याकडे ओलिताखाली बारा झाला तरी आपण समाधान मानतो. यात त्यांची मेहनत आहेच, पण थंडीही आहे. तिथला हिवाळा लांबतो, पीक जवळजवळ पाच महिने शेतात उभे राहते, दाणा सावकाश भरतो. आपला गहू पावणेचार महिन्यांत ऊन लागून पिकतो. गहू आणि भात सरकार हमीभावाने उचलते, शेतीपंपाला वीज मोफत आहे. हे ऐकून दादांनी उसासा टाकला. पण सरदारजी म्हणाले, "म्हणून तर आम्ही यातच अडकलो. दुसरे पीक घ्यावे तर ते कोण घेणार? माझ्या लहानपणी विहिरीवर रहाट होता, पाणी हाताला लागायचे. आता पंप पाताळात सोडावा लागतो." पाणी वाचावे म्हणून जूनमधल्या ठरावीक तारखेआधी भाताची लावणी करू नये असा कायदा तिथे 2009 साली झाला. त्यामुळे भात उशिरा निघतो आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी हाती जेमतेम तीन आठवडे उरतात. "तुमचे ते यंत्र भाड्याने मिळेपर्यंत वाफसा निघून जातो. मला काय धुराची हौस आहे?" असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. हा कार्यकारणभाव मी पुस्तकात वाचला होता, पण ज्याच्या वाफशाचा प्रश्न आहे त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

रिकाम्या खोल्यांचे घर

तिसऱ्या दिवसापासून आमचा मुक्काम गुरुद्वाऱ्याच्या सराईतून सरदारजींच्या घरी हलला. त्यांनी ऐकलेच नाही. घर मोठे, दुमजली, संगमरवरी फरशीचे. खोल्या आठ, राहणारी माणसे दोन. त्यांच्या पत्नीला सगळे बीजी म्हणत, म्हणून आम्हीही बीजीच म्हणू लागलो.

दोन्ही मुलगे कॅनडात आहेत. जमिनीचे सहा किल्ले ठेक्याने दिलेले, तीन सरदारजी मजूर लावून स्वतः पाहतात. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना कुलपे होती. बीजी महिन्यातून एकदा त्या उघडून झाडतात, गाद्यांना ऊन दाखवतात आणि पुन्हा कुलूप लावतात. पंजाबात अशी घरे गावोगाव आहेत.

रात्री ओसरीवर खाटा टाकल्या होत्या. दादांनी बोलता बोलता मुलाची तक्रार सुरू केली. बैल कसे विकले, बापाचे कसे ऐकत नाही, चांगले कापसाचे वावर मोडून तुती लावतो म्हणतो. सरदारजींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा मुलगा तुमच्याशी वावरावरून भांडतो?"

"रोज भांडतो," दादा म्हणाले.

सरदारजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझे मुलगे फार गुणी आहेत. कधी भांडत नाहीत. दर रविवारी फोन करतात, औषध घेतले का विचारतात. पण कोणत्या शेतात काय पेरले, हे दोघांनी गेल्या सहा वर्षांत विचारलेले नाही."

यावर कोणी काही बोलले नाही. दादांची खाट रात्रभर करकरत होती.

भाकरी आणि मक्याची रोटी

चौथ्या दिवशी वहिनींनी पिशवीतून ज्वारीचे पीठ काढले. बीजींनी ते चिमटीत घेऊन पाहिले आणि ज्वारीचे आहे असे कळल्यावर त्यांना हसू आवरेना. पंजाबात ज्वारी पेरतात ती जनावरांच्या चाऱ्यासाठी. "आम्ही म्हशीला घालतो, ते तुम्ही खाता?" वहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी परातीत कढत पाणी घेऊन पीठ मळले आणि भाकरी थापायला घेतली. थापण्याचा तो आवाज ऐकल्यावर बीजींचे हसणे थांबले. त्या जवळ येऊन बसल्या. त्यांच्याकडे मक्याची रोटी अशीच हाताने थापतात, कारण मक्याचे पीठही लाटता येत नाही, कडेला चिरते. त्यांनी मक्याचे पीठ आणले. मग एका चुलीवर भाकरी आणि दुसरीवर रोटी. एकीने दुसरीची थापून पाहिली, दोघींच्याही मोडल्या.

बीजींनी भाकरी खाल्ली, ठेच्याबरोबर नव्हे, लोण्याबरोबर. निघताना वहिनींनी त्यांना घरची हळद दिली. आमच्या वसमत भागातली हळद नावाजलेली आहे. बीजींनी वास घेतला आणि ती पुडी स्वयंपाकघरात न ठेवता ग्रंथसाहिबाच्या पोथीजवळ नेऊन ठेवली. बाबा नामदेवांच्या माहेरची हळद म्हणून.

त्यांनी आम्हाला काय दिले? त्यांच्या परसातले मक्याचे बी, फडक्यात बांधून. आणि वरच्या मजल्यावरच्या एका खोलीची चादर. धाकट्या मुलाच्या लग्नात विणलेली. वहिनी नको नको म्हणत होत्या. बीजी म्हणाल्या, "वापरा. कुलपात ठेवून काय होणार?"

तुम्ही निघाल तेव्हा

बंधू-भगिनींनो, घुमानलाच जा असे माझे म्हणणे नाही. तुमच्या गावापासून शंभर किलोमीटरवरही परका मुलूख आहे. विदर्भातल्या माणसाने कोकणात भातलावणी पाहावी, कोकणातल्याने सोलापूरकडे ज्वारीची काढणी पाहावी. राज्यातल्या एस.टी.ला 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना तिकीट नाही. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या प्रवाशांना निम्मे आहे आणि 2023 पासून सर्व महिलांनाही निम्मे आहे. तेव्हा पैशाची सबब फारशी चालणार नाही. पण निघाल तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा.

ठिकाणे कमी करा, मुक्काम वाढवा. पहिल्या दिवशी आपण गाव पाहतो. तिसऱ्या दिवशी गाव आपल्याला पाहू लागते, आणि खरी ओळख तिथून सुरू होते. पीक उभे असतानाच्या दिवसांत जा, म्हणजे बोलायला विषय शोधावा लागत नाही. मात्र ऐन कापणीच्या धांदलीत कोणाच्या दारी जाऊ नका.

रिकाम्या हाताने जाऊ नका. गूळ, हळद, शेंगदाणे, भाजीचे बी असे घरचे काही न्या. त्याची किंमत मोठी नको, ते आपल्या मातीतले हवे. सोबत आपली ताट-वाटी, रोजची औषधे, ओळखपत्र आणि घरच्यांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. सराईत किंवा धर्मशाळेत राहिलात तर ओळखपत्र लागतेच, आणि निघताना दानपेटीत यथाशक्ती टाकावे.

त्यांच्या भाषेतले दहा शब्द शिका. पाणी, मीठ, पाऊस, जमीन, मुलगा, मुलगी. पंजाबीत गव्हाला 'कणक' आणि भाताला 'झोना' म्हणतात, हे दोन शब्द दादांना जेवढे उपयोगी पडले, तेवढी माझी पदवी पडली नाही.

हाताला काम मागून घ्या. लसूण सोला, जनावरांना चारा घाला, अंगण झाडा. जो नुसता पाहतो त्याला लोक पाहुणा म्हणतात, आणि जो काम करतो त्याच्याशी बोलतात.

आणि सल्ला देण्याआधी विचारा. 'तुमच्याकडे पाणी किती खोल आहे?' हा प्रश्न हिंदुस्थानातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो खाट सरकवून तुम्हाला जागा देईल. ज्यांना पंजाबातली नवी शेती पाहायची असेल त्यांनी लुधियानाच्या कृषी विद्यापीठाचा शेतकरी मेळावा पाहावा. हे विद्यापीठ 1962 साली स्थापन झाले. मेळावा मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये भरतो. पण तिथेही मांडवातल्या यंत्रांबरोबर मांडवाबाहेर चहा पिणारे शेतकरीही पाहावेत.

शेवटची गोष्ट, परत आल्यावर फोन करा. मुख्य म्हणजे, त्यांनाही आपल्याकडे बोलवा. जे बोलावत नाहीत, ते नुसते फिरून आलेले असतात.

घरी आल्यावर

दादा घरी आले तेव्हा मुलगा स्थानकावर घ्यायला आला होता. दोघे फारसे बोलले नाहीत. मला वाटले होते, दादा काहीतरी सांगतील, पाठीवर हात ठेवतील. तसे काही झाले नाही. दोन दिवस ते ओसरीवर बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जायला निघालो, तर दादा काठी घेऊन विहिरीकडच्या वावराच्या बांधावर उभे. मुलगा थोडा लांब, दोरीने सऱ्यांचे अंतर मोजत होता. दादांनी बराच वेळ पाहिले. मग ओरडले, "अरे, त्या कोपऱ्यात पाणी साचते. तुती असो की आणखी काही, तिथे आधी चर काढ!"

मुलगा चिडून म्हणाला, "मला ठाऊक आहे, बाबा!"

"ठाऊक आहे तर मग काढला का नाहीस?"

दोघांचे भांडण सुरू झाले. मी मोटारसायकल सुरू केली आणि निघालो.

तुती लावून झाली. पहिल्या वर्षी कोष बेताचेच निघाले, कारण शेडमधले तापमान साधले नाही. दुसऱ्या वर्षी सुधारले. परसात बीजींचा मका दर वर्षी चार सऱ्या असतो. ती चादर वहिनींनी पाहुण्यांच्या खाटेवर घातली आहे. सरदारजींचा फोन दर अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला येतो. गेल्या वेळी त्यांनी दादांना विचारले, "तुमचा मुलगा अजून भांडतो का?"

दादा म्हणाले, "भांडतो. तुम्ही येऊन त्याला समजवा."

संक्रांतीनंतर ते दोघे येणार आहेत. पंढरपूर, नरसी आणि नांदेड अशी त्यांची इच्छा आहे. दादांनी त्यांना कळवले आहे की ठिकाणे कितीही पाहा, पण पाच मुक्काम आमच्याच घरी.